गाऱ्हाण्यातलं होय

"असा ढीग नको, आजी. नैसर्गिक दिसला पाहिजे."

साहेब म्हणाले. माझ्या आईला. आमच्या डोंगरावर.

आई वाकलेली. पुढ्यात जुन्या लुगड्याचं सोडलेलं गाठोडं. त्यात ऐनाचा, किंजळीचा सुकलेला पाला. आम्ही त्याला पातेरो म्हणतो. झाडाने टाकलेला, झाडाला नको असलेला. सकाळपासून तिने तो खराट्याने गोळा केला होता. आता ओंजळीओंजळीने तोच ती परत झाडाखाली पसरत होती. नैसर्गिक दिसेल असा.

मीही पसरत होतो. माझं गाठोडं तिच्याहून मोठं, म्हणून माझा अपमानही मोठा. आणि त्यातली गंमत ऐका. आदल्या रात्री शेजारच्या गावच्या जत्रेत मी राजा होतो. दशावतारात राजपार्ट करतो मी. डोक्यावर मुकुट, कमरेला तलवार, तोंडात असे शब्द की समोरच्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसतात. पहाटे घरी आलो, तोंड धुतलं, आणि आईबरोबर डोंगर चढलो. कानामागचा रंग निघाला नव्हता. त्या रंगासकट मी पाला पसरत होतो.

राखणदार बाबीने तो रंग बरोबर हेरला.

"काय रे राजा, आज राज्य खंय ठेवलंस?"

बाबी आमच्याच वाडीतला. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून ह्याच डोंगरावरची करवंदं संपवली. आता त्याच्या डोक्यावर हिरवी टोपी होती, टोपीवर झाडाचं चित्र होतं, आणि तो पगारी हसत होता.

साहेबांबरोबर दोन पाहुणे होते, परदेशातले. त्यातली बाई उंच, मोठ्या टोपीची, घामाने लाल झालेली. ती फोटो काढत होती. वाईट बाई नव्हती हो. तिला वाटलं असणार की ही आमची काही पूजा आहे. गाववाले जंगलाचा पाला जंगलाला परत अर्पण करताहेत. कारण फोटो काढून झाल्यावर तिने आईला वाकून हात जोडले.

आईने काय करावं? तिनेही जोडले. हाताला पातेरो चिकटलेला.

मी उठून उभा राहिलो. साहेबलोकांशी बोलताना आमची भाषा आपोआप इस्त्री केल्यासारखी होते, तशी करून विचारलं, "साहेब, हा डोंगर तुमचा कधी झाला?"

"माझा कुठे? तुमचाच आहे. तुम्हीच कार्बन प्रकल्पाला राखायला दिलाय. अख्ख्या गावाने देवासमोर संमती दिली आहे." मग हसून म्हणाले, "तुमचा आवाज तर सगळ्यात मोठा होता. रेकॉर्डिंगमध्ये अगदी स्पष्ट येतो."

मी आठवायला लागलो. संमती? मी? कधी?

आणि मग आठवलं. 

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, ते ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुख्य मानकरी देवापुढे हातात नारळ घेऊन उभा राहतो. डोळे मिटतो. मोठ्या आवाजात देवाशी बोलायला लागतो: बा देवा म्हाराजा, असं असं आहे, असं असं कर. बाकीचे मागे हात जोडून उभे. मानकऱ्याचं एकेक वाक्य संपलं की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय म्हाराजा!"

शब्द कोण ऐकतो? मानकऱ्याचा श्वास जिथे सुटतो तिथे आमचं होय पडतं. कुणाच्या डोक्यात बांगड्याचा भाव, कुणाच्या डोक्यात पोरीचं लग्न. मी तर रात्रभर नाटक करून आलेला, उभ्या उभ्या झोपलेला. झोपेतही माझं होय वेळेवर पडतं. एकदा आमचे तात्या गाऱ्हाण्यात मधेच शिंकले. शिंक संपली, आणि अख्खं देऊळ म्हणालं, "होय म्हाराजा!"

हसा. आम्हीही हसलो होतो.

तात्या म्हणजे मुख्य मानकरी. डोंगर सामायिकातला, म्हणजे तात्यांच्या आणि त्यांच्या भावकीच्या नावावर. आम्हा खालच्या वाडीवाल्यांचं नाव सातबाऱ्यावर शोधू नका, मिळणार नाही. आमची वहिवाट. आजा गेला त्या वाटेने बापूस गेला, बापूस गेला त्या वाटेने मी. पाला आणायचा, वाळकी लाकडं आणायची, गुरं सोडायची. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. देवळातही आमची जागा ठरलेली, पायरीजवळ. बोलणं तात्यांचं. होय आमचं. ते आम्हाला वारसाने मिळालेलं. जमीन नाही मिळाली. होय मिळालं.

तर त्या दिवशी, दोन हजार सालानंतरची गोष्ट, पावसाळा सरता सरता, प्रकल्पाची माणसं पहिल्यांदा गावात आली होती. तात्यांनी गाव देवळात बोलावला. पाहुणे आले की गाऱ्हाणं होतंच, त्यात नवल नाही. कोपऱ्यात कॅमेरा होता. लग्नात नसतो का? आम्ही केस विंचरून उभे राहिलो.

तात्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी पुण्यासून पावणे इलेले आसत!"

"होय म्हाराजा!"

"तेंच्या हातसून गावाचा जा काय बरा होवचा आसा, ता तू करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तुझो ह्यो डोंगर, तुझी ही झाडां, तुझो ह्यो पातेरो, ह्येका कोणाचो हात लागाक देऊ नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो कोण आड येयत, तेका तू बगून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

झालं. नारळ फुटला. शेरणीचं, म्हणजे प्रसादाचं, गूळखोबरं वाटलं. माझा आवाज उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत जातो, माईक न लावता. त्याच आवाजात मी माझ्याच आईच्या हातातला पाला काढून दिला होता, आणि वर देवाला सांगितलं होतं की आड येणाऱ्याला बघून घे.

डोंगरावरून आम्ही रिकामे उतरलो. घरी आल्यावर आई चुलीपुढे बसली आणि तिने विचारलं, "कार्बन म्हणजे तो निळो कागद मां? तलाठ्याकडचो?"

कार्बन म्हणजे आम्हाला तोच ठाऊक. दोन कागदांच्या मधे घालायचा, वर लिहिलं की खाली उमटतं. मी मला समजलं तेवढं सांगितलं. लांबच्या देशात कारखाने धूर सोडतात. झाडं तो धूर पोटात धरून ठेवतात. आपल्या डोंगराने इथे धरून ठेवला की तिथल्या कारखान्याला सोडायला मोकळीक. म्हणून झाड तोडायचं नाही. लाकूड न्यायचं नाही. पाला उचलायचा नाही, त्यातही तो आहे. जाळायचा तर नाहीच.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे धूर तेंचो, आणि चूल आमची बंद?"

"तसाच काय ता."

"आणि भाजावळ?"



भाजावळ म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून काढणं. पातेरो पसरायचा, वर शेण, वर माती, आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, माती मोकळी होते, मग पावसात त्या जागी तरवा तरारून येतो. तोच तरवा उपटून शेतात लावायचा. पातेरो नाही तर भाजावळ नाही. भाजावळ नाही तर तरवा नाही. तरवा नाही तर पुढचं वर्षभर ताटात काय? एवढं साधं होतं. साहेबांना पाचोळा दिसत होता. आम्हाला त्यात भात दिसत होता.

त्या वर्षी आमची भाजावळ झाली ती परसातल्या आंब्याच्या पाल्यावर आणि नारळाच्या वाळक्या झावळांवर. म्हणजे झाली नाहीच. तरव्याच्या बरोबरीने तण वर आलं. आई दिवस दिवस वाकून निंदत राहिली. अर्धं शेत लावलं, अर्धं तसंच ठेवलं. गाय चरायला न्यायची सोय राहिली नाही, ती विकली. गिऱ्हाईक तिला घेऊन गेलं तेव्हा आई मागीलदारी भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासत होती.

खालच्या वाडीत घरोघर हेच. बाबीच्या घरीसुद्धा. त्याची बायको आईकडे सरपण मागायला यायची, टोपीवाला दिसणार नाही अशा वेळी. तात्यांना त्रास नव्हता. त्यांची काजूची बाग घराला लागून. त्यांचा पातेरो त्यांचा होता, तो कुठल्याच प्रकल्पात नव्हता.

मी प्रकल्पाच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे तात्यांच्याच घराची पडवी, रंग मारलेली. साहेबांसमोरची खुर्ची रिकामी होती. बस कुणी म्हणालं नाही. तात्या झोपाळ्यावर होते.

मी सांगितलं. भाजावळीचं, तरव्याचं, गायीचं. साहेब मान हलवत ऐकत होते. चांगलं ऐकतात हो ही माणसं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही कलाकार माणूस. कशाला या पाचोळ्यात पडता? उलट तुमच्या नाटकात आमचा एक संदेश घाला ना. राजा दवंडी पिटतो, पान तोडू नका. छान होईल."

तात्या झोपाळ्यावरून म्हणाले, "खरा आसा. तू राजपार्ट कर रे. शेतीचा काय घेवन बसलंस?"

राजपार्टाने पोट भरत असतं तर मी डोंगरावर पाला कशाला वेचत होतो?

निघताना साहेब म्हणाले, "आणि हे बघा, तुमच्या गावातला एकही माणूस आजपर्यंत नाही म्हणालेला नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात घुसून बसलं. खरंच होतं ते. एकही नाही. कारण म्हणायचं कुठे? गाऱ्हाण्यात नाहीला जागाच नाही. वाक्य, होय. वाक्य, होय. मधे फट नाही. कुण्यातरी हुशार माणसाने आमच्यासाठी बरोबर अशी जागा निवडली होती, जिथे नकाराला आवाज फुटत नाही. आणि मी मूर्खासारखा इतकी वर्षं समजत होतो की आवाज हीच माझी मोठी कमाई.

पुढच्या वर्षी तपासणी करणारे आले. बाहेरची माणसं, मराठी न कळणारी. गावाची खरोखर राजीखुशी आहे का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. तात्यांनी पुन्हा गाव देवळात बोलावला.

मी कुणाला काही सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. पायरीजवळ माझ्या ठरलेल्या जागी उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं? देवापुढच्या गाऱ्हाण्यात उलटं बोलणं म्हणजे गावावर काहीतरी ओढवून घेणं, हे आम्ही चालायला शिकण्याआधी शिकतो. कुणाचं जनावर मेलं, कुणाची होडी उलटली, तर बोट माझ्याकडे येणार.

तात्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज परत हे पावणे तुझ्या दारात इलेले आसत!"

"होय म्हाराजा!" माझंही होय. पाहुणे आले होते, त्यात खोटं काही नव्हतं.

"ह्येंच्या कार्याक सगळ्या गावाची राजीखुशी आसा रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

सगळ्यांच्या होयच्या वर माझं नाय गेलं. अर्धा क्षण आधी. गाभाऱ्यापर्यंत गेलं आणि परत आलं.

तात्यांचे डोळे उघडले. गाऱ्हाण्यात त्यांचे डोळे उघडलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. नारळ हातात तसाच. पुढे काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण नायच्या पुढे काय येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तपासणीवाल्यांतल्या एकाने साहेबांकडे वळून विचारलं, हा काय म्हणाला? साहेब हसले. मोकळं, मोठं हसले.

"हे आमचे लोककलावंत. नाटकात राजा असतात. गंमत करतात."

तो माणूसही हसला. आणि मग माझा गाव हसला. सुटल्यासारखा हसला. बाबी मागून ओरडला, "राजा, मुकुट घालूक इसारलंस रे!"

त्या हसण्यात मी उभा होतो. डोंगरावर पाला पसरताना जेवढा नागडा झालो नव्हतो तेवढा तिथे झालो. माझं होय त्यांनी करार म्हणून जपून ठेवलं होतं. झोपेतलं होय. सवयीचं होय. आणि जागेपणी, समजून उमजून, आयुष्यात पहिल्यांदा काढलेलं माझं नाही त्यांनी नाटक म्हणून उडवलं. मला कळलं की ह्या लोकांना आमचा आवाज चालतो. आमचं म्हणणं चालत नाही.

हसणं ओसरत होतं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"नाय म्हाराजा."

आई. मोठ्याने नाही. बाजारात मासळीवाल्याला नको म्हणावं तशी. आमच्याकडे गाऱ्हाण्यात बायका होय म्हणत नाहीत, त्या नुसत्या हात जोडून उभ्या असतात. नाय तर सोडाच.

तात्या गरजले, "बायल माणसांनी मधी बोलूचा नाय!"

"मगे बापयांनी बोला," आई म्हणाली. "बोला मां. तोंडा आसत मां तुमका?"

आता कुणी हसलं नाही. ही नाटकात काम करत नव्हती. हिला गंमत म्हणून खपवता येणार नव्हतं. आमच्या वाडीतला एक म्हातारा पुटपुटला, "नाय म्हाराजा." मग आणखी एक. मग बायकांत दोघीतिघी. सगळे नाहीत. निम्मेही नाहीत. बाबीने टोपी काढून हातात धरली, पण तोंड उघडलं नाही.

मी त्या तपासणीवाल्याजवळ गेलो. राजाचा आवाज ठेवून दिला. घरात पाणी मागावं एवढ्या आवाजात, शुद्ध मराठीत बोललो. "साहेब, आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारा, म्हणजे सांगू. आज सांगतो, आमची संमती नाही."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भाषांतर केलं. माझं बोलणं छोटं होतं. साहेबांचं भाषांतर बरंच लांबलं.

प्रकल्प गेला नाही. ते तुम्हाला ऐकायचं असेल तर इथेच थांबा, कारण तसं झालं नाही. 'काही ग्रामस्थांचा गैरसमज' असा शब्द निघाला. गैरसमज दूर करायला एक बाई आली, तिने खालच्या वाडीतल्या बायकांना कागदी पिशव्या करायला शिकवलं. तात्यांनी आमच्या नाटक कंपनीच्या मालकाला निरोप धाडला. तेव्हापासून माझ्या गावच्या जत्रेत मी राजा होत नाही. बाहेरच्या गावांत होतो. आपल्या गावात दुसरा माणूस माझा मुकुट घालतो, आणि मी प्रेक्षकांत उभा राहून त्याच्या चुका काढतो. तेवढा आनंद माझा कुणी हिरावला नाही.

आईला सांगण्यात आलं, देवाची माफी माग, नारळ ठेव. आई म्हणाली, "देवाक मी काय बोललंय? मी तात्याक बोललंय." नारळ ठेवला नाही. त्या पावसाळ्यात कुणाची तरी म्हैस दगावली. बोट आमच्या घराकडे आलंच. आईने दारात उभं राहून ते बोट बघितलं आणि आत जाऊन शिजलेला भात वेळून पेज काढली.

माघ सरला की आम्ही डोंगरावर जातो. चोरून नाही. बैलगाडीच्या वाटेने, उन्हं वर आल्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खालच्या वाडीतली काही घरं बरोबर येतात, काही येत नाहीत. बाबीच्या जागी आलेल्या नव्या राखणदाराने दोनदा गाठोडं सोडायला सांगितलं. सोडलं नाही. पोलिसांत नाव गेलं. जाऊ दे. सातबाऱ्यावर नव्हतं, कुठेतरी लागलं.

मध्यंतरी त्यांनी सभा घेतली. शाळेच्या पटांगणात, देवळात नव्हे. एवढं तरी शिकले. दुसरे साहेब, तेच बोलणं. शेवटी म्हणाले, "मंजूर असेल तर सर्वांनी जोरदार टाळ्या वाजवा."

मी उठलो. "साहेब, आणि नामंजूर असेल तर काय वाजवायचं?"

लोक हसले. साहेबही हसले. मी हसलो नाही, आणि खालीही बसलो नाही. उत्तर येईपर्यंत उभा राहिलो. उत्तर आलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत.

मला गोष्ट रंगवून सांगायची सवय आहे. लोक हसतात, मला आवडतं. पण ह्या एका गोष्टीत मी आता कुणाला हसण्यावारी नेऊ देत नाही. जिथे नाही म्हणायला जागा ठेवलेली नाही, तिथे माझं होय मिळणार नाही. देवळात नाही, सभेत नाही, झोपेत नाही. मागाल तर आधी नाही म्हणायची जागा करा. मग समोर बसा, आम्हालाही बसायला द्या, आणि विचारा.

तोपर्यंत पातेरो आमचा.